तळकोकणची सहल ठरवताना: नकाशावर बोट फिरवू नका

दिवाळी जवळ आली की आमच्या ठाण्याच्या सहलींच्या ऑफिसात गिऱ्हाइकांचा तोच कागद पुढे येतो: सकाळी विजयदुर्ग, दुपारी मालवण, संध्याकाळी वेंगुर्ला, मुक्काम रेडीला. नकाशावर सगळं एका रांगेत दिसतं, कबूल. पण गाडी किनाऱ्याने सरळ जात नाही.

सह्याद्री इथे समुद्राला जवळ. त्यामुळे नद्या आखूड, पण मुखाशी खाड्या रुंद. वाघोटण, आचरा, कर्ली, तेरेखोल, प्रत्येकीचा पूल गाठायला आत वळायचं, पुन्हा बाहेर यायचं. देवबागच्या टोकावरून कर्लीपलीकडचं भोगवे हाकेवर दिसतं. होडीने चटकन जाता येतं, रस्त्याने मात्र भला मोठा वळसा. एका कुटुंबाने 'मालवणच्या समोरच तर आहे' म्हणून स्वतःच भोगव्याला खोल्या घेतल्या आणि जेवायला रोज मालवण गाठलं. अर्धी सहल गाडीत गेली, वर ड्रायव्हरशी वाद.

खरं तर याच खाड्यांनी इथला इतिहास घडवला. वाघोटणच्या मुखाशी विजयदुर्ग, आंग्र्यांच्या आरमाराचा मोठा तळ; १७५६ मध्ये तो पेशवे आणि इंग्रज यांनी मिळून घेतला. तेरेखोलचा किल्ला तर नदीच्या आपल्या बाजूला असूनही गोव्यात मोडतो! सिंधुदुर्ग मात्र मालवणसमोर कुरटे बेटावर. २५ नोव्हेंबर १६६४ ला महाराजांनी त्याचा पाया घातला. आतलं शिवराजेश्वर मंदिर चुकवू नका. पावसाळ्यात किल्ल्याच्या होड्या बंद असतात, तेव्हा जुलैत आमच्याकडे हट्ट धरू नये.

आणि हो, 'सिंधुदुर्ग' नावाच्या स्टेशनावर उतरून किल्ला शोधू नका. ते ओरोसला, जिल्ह्याच्या मुख्यालयापाशी. जिल्हा १९८१ मध्ये रत्नागिरीतून वेगळा झाला आणि त्याला किल्ल्याचं नाव मिळालं, इतकंच. मालवणसाठी आम्ही शक्यतो कुडाळचं तिकीट काढतो.

म्हणून आमच्या चार रात्रींच्या सहलीत मुक्काम दोनच: दोन रात्री मालवण, दोन वेंगुर्ला. वेंगुर्ल्याहून डचांची जुनी वखार, रेडीचा गणपती आणि सावंतवाडीची लाकडी खेळणी निवांत होतात. दुसरीकडे याच पैशांत दुप्पट ठिकाणं दाखवतात, असं ऐकवलं जातं. दाखवतात, गाडीच्या काचेतून. देवगड-विजयदुर्ग हवंच असेल तर एक रात्र वाढवा. त्याचे पैसे वेगळे पडतात, पण तिथे घाई नसते.

रेल्वेचं तिकीट काढण्याआधी एकदा येऊन जा. कुठे उतरायचं ते ठरवून देण्याचे आम्ही पैसे घेत नाही.