जुन्या ट्रकच्या चेसीचे रिबीट काढताना

रिबीट म्हणजे दोन पत्रे जोडणारा, ठोकून दोन्हीकडे डोकं केलेला खिळा. तो निघाला की भंगारात जातो. भोक चेसीबरोबर राहतं, आणि पुढचा बोल्ट किती घट्ट बसणार ते त्या भोकावरच ठरतं. म्हणून टाटा-मर्सिडीज, कॉमेट, बेडफोर्ड, फार्गो असल्या जुन्या गाड्यांच्या चेसीवर आम्ही गॅस कटर लावत नाही. काम पाच मिनिटांत होतं खरं, पण भोकाचं तोंड वितळतं, भोवतालचा पत्रा तापून त्याचा मूळ कस जातो.

ढिला आहे का, ते आधी बघा

डोक्याभोवती तांबूस भुकटी दिसत असेल किंवा रंगाला गोल चीर पडली असेल तर रिबीट हलतोय. खात्री करायची तर बोट अर्धं डोक्यावर, अर्धं पत्र्यावर ठेवा आणि मागच्या बाजूने हातोडीने हलकं ठोका. सांध्यात थरथर जाणवली की तो बदलायचा. ढिला रिबीट ठोकून पुन्हा घट्ट होत नाही. डोक्याला गोल वेल्डिंग मारून आणलेल्या गाड्याही येतात. तिथे वेल्डिंगच्या कडेलाच चेसीला तडा जातो, मग खर्च रिबीटचा राहत नाही.

गाडी आणण्यापूर्वी

चॅनलच्या, म्हणजे चेसीच्या लांब तुळईच्या, आतली काळी माती पाण्याने पूर्ण काढून आणा. मागच्या पाट्यांच्या (स्प्रिंगच्या) ब्रॅकेटमागे ती थराने बसते, पावसाळ्यानंतरही ओल धरून ठेवते, आणि दोन पत्र्यांच्या मधे गंज फुगून सांधा उघडतो. कापसाच्या भाड्याला चाललेली गाडी असेल तर कोपऱ्याकोपऱ्यातले पुंजके नीट बघा. ग्राइंडरची एक ठिणगी त्यात पडली तर ते आत धुमसत राहतात, बाहेर काही दिसत नाही. म्हणून ग्राइंडिंग संपल्यावरही अर्धा तास गाडीजवळ माणूस आणि पाण्याची बादली असते.

बॅटरी आणि डिझेलची टाकी आम्ही काढतो, ब्रेकचे पाइप आणि वायरिंग बाजूला घेतो. जुन्या ब्रेक लायनरची धूळ हवेने उडवू नका, त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा. चेसी नंबर जिथे मारलेला आहे तिथे ग्राइंडर जात नाही. त्याचा फोटो आधी काढून ठेवा.

रिबीट काढण्याची रीत

चेसी चार घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) लेव्हलला घेतो, हौदा उतरवतो आणि दोन्ही कर्ण मापून खडूने लिहून ठेवतो. एका क्रॉस मेंबरचे (दोन्ही बाजू जोडणाऱ्या आडव्या तुळईचे) सगळे रिबीट एकदम काढत नाही. दोन काढले की तिथे तात्पुरते बोल्ट, मग पुढचे. हे टाळलं तर चेसी तिरकी होते आणि ते कळतं थेट टायर एका बाजूने झिजल्यावर.

काम कंपनीने घडवलेल्या डोक्याच्या बाजूने सुरू करायचं. ते गोल आणि बरंचसं मध्यावर असतं. ठोकून तयार झालेलं डोकं अनेकदा सरकलेलं असतं, त्याच्या मध्यावर ड्रिल लावलं तर बिट थेट चेसीच्या पत्र्यात शिरतं. कटिंग डिस्कने डोक्यावर अधिकच्या चिन्हासारखे दोन काप देतो, पण पत्र्याच्या १ मिमी आधी थांबतो. मग छिन्नीने चारही तुकडे उडवायचे. उरलेला भाग ग्राइंडिंग डिस्कने हलक्या हाताने घासत गेलं की गंजाची एक बारीक गोल रेघ उमटते. तीच दांड्याची कड. ती दिसली की ग्राइंडर बंद. पत्र्यात एक खाच पडली तरी पुढचा तडा तिथूनच सुरू होतो.

त्या गोलाच्या मध्यावर सेंटर पंच. ११ मिमीच्या रिबीटला आधी ४, मग ८, शेवटी ९.५ मिमी बिट, मशीन सावकाश, तेल सोडत. छिलका निळा पडू लागला की वेग जास्त आहे. आता उरते ती पातळ नळी. सुंब्याने, म्हणजे ठोकायच्या पोलादी दांड्याने, मारली की आतल्या आत दबून सुटते. मागून जुन्या पान्याचा मोठा सॉकेट धरायचा, म्हणजे रिबीट त्यात पडतो आणि पत्र्याला आधार मिळतो. आधार नसेल तर घणाने पत्राच वाकतो. एवढं करूनही दांडा अडला तर समजावं की दोन पत्रे सरकून दांड्याला मधे पायरी पडली आहे. तिथे घण वाढवायचा नाही, आणखी अर्धा मिलिमीटर ड्रिल करायचं.

सुंबा म्हणून सळईचा तुकडा वापरू नका, पहिल्याच जोरात वाकतो. जालन्याची सळई स्लॅबला उत्तम. तिचा रिबीटही होत नाही, कारण तिची बाहेरची साल कडक आणि गाभा मऊ असतो.

भोक आणि नवा बोल्ट

भोक साफ करून लाल डाय लावतो, १० मिनिटांनी पुसून पांढरी पावडर मारतो. तडा असेल तर लाल रेघ उमटते. तसं झालं तर काम थांबवून तुम्हाला दाखवतो, मग पुढचं ठरतं.

विलायती गाड्यांची मापं इंचात आहेत, इथे बरीच गफलत होते. ७/१६ इंच म्हणजे ११.१ मिमी, ते भोक रीमरने (भोक नेमक्या मापाला आणणाऱ्या हत्याराने) १२ करून एम-१२ बोल्ट बसवतो. १/२ इंच म्हणजे १२.७; त्यात एम-१२ टाकला तर ०.७ मिमी फट राहते, म्हणून तिथे इंची बोल्टच घ्यावा. बोल्ट १०.९ ग्रेडचा (ग्रेड म्हणजे ताकदीचा दर्जा), दोन्हीकडे कडक वायसर, लॉक नट. स्प्रिंग वायसर नाही. सांध्यात झिंक प्रायमर. एम-१२ साधारण ११० ते १२० न्यूटन-मीटरला कसतो, टॉर्क पान्यानेच. रिबीटसारखे दिसतात म्हणून गोल डोक्याचे अ‍ॅलन बोल्ट मागितले जातात. त्यांची चावी बारीक, तेवढा ताण देता येत नाही; शोभेच्या जागी चालतील, पाट्याच्या ब्रॅकेटला आम्ही लावणार नाही.

प्रत्येक नटावर पिवळी रेघ ओढून देतो. ५०० किलोमीटर झाले की बघा. रेघ तुटलेली दिसली तर गाडी भरण्याआधी घेऊन या.