शार्क दिसायच्या आधी

1975 सालचा ‘जॉज’ हा नरभक्षक शार्कचा सिनेमा सुरू होतो तेव्हा पडद्यावर काय असतं? समुद्राचा तळ, डुलणाऱ्या पाणवनस्पती आणि श्रेयनामावली. घाबरावं असं काहीच नाही. तरी पोटात गोळा येतो, कारण संगीतकार जॉन विल्यम्सने खर्जात दोन सूर धरलेले असतात. दोनच. त्याने ते पहिल्यांदा पियानोवर वाजवून दाखवले, तेव्हा दिग्दर्शक स्टीव्हन स्पीलबर्गला ती थट्टाच वाटली होती.

आपल्या हिशोबाने हे सूर म्हणजे सा आणि कोमल रे. भीतीचं सगळं श्रेय या अर्ध्या सुराच्या अंतराला देण्याची पद्धत आहे. मला ते पटत नाही. हेच अंतर भैरवात पहाटे गायलं जातं आणि कुणी दचकत नाही!

मग फरक कुठे पडतो? थोडा खर्जामुळे. डबल बेस या थोराड तंतुवाद्याची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे 41 वेळा कंप पावते, आणि इतका खालचा आवाज मोठ्या देहाची चाहूल देतो. (मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरमधून हा खर्ज नीट निघतच नाही. तिथे ऐकून ‘यात काय एवढं?’ म्हणू नये.)

पण खरी मेख लयीत आहे. दोन सूर येतात, थांबतात. पुन्हा येतात. मग मधली शांतता आक्रसत जाते, लय वाढते, आवाज चढतो. चढता आवाज म्हणजे काहीतरी जवळ येतंय. मानसशास्त्रज्ञ जॉन न्यूहॉफ यांनी 1998 मध्ये दाखवलं, की आवाज जेवढा चढवला तेवढाच उतरवला, तरी ऐकणाऱ्याला चढ जास्त मोठा वाटतो. यामागचं कारण उत्क्रांतीत असावं : संकट आहे त्यापेक्षा जवळ वाटलं तर फार तर धावपळ फुकट जाते, लांब वाटलं तर जीव जातो.

म्हणजे ही सुरावट ऐकताना आपण नकळत अंतर मोजत असतो. चित्रीकरणात यांत्रिक शार्क सारखा बिघडत होता. त्यामुळे पडद्यावर तो बराच काळ दिसत नाही, आणि तो कुठवर आलाय हे सांगायचं काम बेसच्या तारांकडे येतं. विल्यम्सने त्यात लबाडी केलेली नाही. पुढे दोन पोरं शार्कच्या पाठीवर असतो तसा पुठ्ठ्याचा खोटा पर घेऊन पाण्यात उतरतात, किनाऱ्यावर एकच पळापळ होते. ते दोन सूर मात्र तेव्हा वाजत नाहीत.