गाडी सेल्फ न घेणे

चावी फिरवली तरी इंजिन फिरवणारी विजेची मोटर न फिरणे किंवा कण्हत फिरणे, असा मोटारगाडीतील बिघाड. या मोटरला, म्हणजे स्टार्टरला, बोलीत ‘सेल्फ’ म्हणतात. ग्रामीण विदर्भात जुन्या ॲम्बेसेडर, मारुती ८०० आणि डिझेल जीपवाल्यांना हा बिघाड चांगलाच परिचयाचा आहे. इंजिन जोरात फिरूनही पेटत नसेल तर दोष वेगळा. तिथे पेट्रोल गाडीची कॉइल, पॉइंट आणि प्लग, तर डिझेल गाडीचे हीटर प्लग पाहावे लागतात.

सेल्फ फिरताना साधारण १०० ते २०० अँपिअर प्रवाह ओढतो, डिझेल इंजिनावर त्याहूनही जास्त. त्यामुळे जोडातला किरकोळ रोधही नडतो. १५० अँपिअर वाहताना ०.०२ ओहम रोध आड आला, तर १२ पैकी ३ व्होल्ट तिथेच खर्ची पडतात. टर्मिनलवर चढलेला पांढरा-हिरवट थर, सैल लग (वायरीच्या टोकाची धातूची कडी), अर्थिंगच्या पट्टीखालचा (बॅटरीचे ऋण टोक गाडीच्या अंगाशी जोडणाऱ्या पट्टीखालचा) गंज ही अशा रोधाची नेहमीची ठिकाणे. तरीही गाडी अडली की आधी नवी बॅटरी आणली जाते आणि गंजलेली अर्थिंग तशीच राहते. शेतकऱ्याचा हा खर्च बहुतेकदा टाळता येण्याजोगा असतो.

विदर्भाचे हवामान यात भर घालते. अकोला-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. त्या उष्णतेत बॅटरीतले पाणी लवकर आटते आणि तिचे आयुष्य घटते. पाणी भरायचे ते डिस्टिल्डच. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात, म्हणजे खाऱ्या भूजलाच्या भागात, विहिरीचे किंवा बोअरचे पाणी घातले, तर त्यातले क्षार प्लेटा खराब करतात. पावसाळाभर गोठ्याशेजारी उभ्या राहिलेल्या गाडीत उंदरांनी वायरी कुरतडलेल्या असतात, तेही पाहावे.

तपासाची सर्वांत सोपी रीत हेडलाइटची. दिवे लावून चावी फिरवावी. दिवे एकदम विझले तर जोड सैल. मंद झाले आणि सेल्फ कण्हला तर बॅटरी उतरलेली, क्वचित सेल्फ जाम. दिवे तसेच प्रखर राहिले आणि काहीच हलले नाही, तर चावीचा स्विच, सोलेनॉइड (सेल्फला बॅटरीचा प्रवाह जोडणारा विद्युतचुंबकी स्विच) किंवा सेल्फमधले झिजलेले कार्बन (फिरत्या भागाला वीज पोचवणारे ब्रश). आवाजही ऐकावा: एकच ‘टक’ सोलेनॉइड किंवा सेल्फकडे बोट दाखवते, ‘टकटकटक’ अशी लड बॅटरीकडे वा जोडाकडे. मीटर असल्यास निवांत बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास हवी आणि सेल्फ मारताना ९.६ च्या खाली जाऊ नये. त्याच वेळी बॅटरीचे ऋण टोक आणि इंजिनाचे अंग यांच्यात अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक दिसला, तर अर्थिंगची पट्टी सोडून घासावी.

टर्मिनल सोडताना अर्थिंगचे आधी काढावे, जोडताना शेवटी लावावे. पेचकसने सोलेनॉइडची टोके जोडून सेल्फ मारण्याची पद्धत गावोगाव आहे. गाडी गिअरमध्ये राहिली तर ती समोरच्या माणसाच्या अंगावर जाते. हे करणाऱ्याने आधी गाडी न्यूट्रलमध्ये आणून हँडब्रेक ओढलाच पाहिजे.

गाडी सुरू झाल्यावर बॅटरीवर १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसायला हवेत. न दिसल्यास अल्टरनेटरचा (इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राचा) पट्टा आणि कार्बन तपासावे, नाहीतर दुसऱ्या दिवशी बॅटरी पुन्हा उतरते.