फोर-व्हील-ड्राइव्ह पिकअपमधील डिफरन्शियल व ट्रान्स्फर केसचे ऑईल बदलणे

फोर-व्हील-ड्राइव्ह पिकअपमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्याखेरीज आणखी तीन ठिकाणी ऑईल असते: मागचा डिफरन्शियल, पुढचा डिफरन्शियल आणि या दोहोंकडे शक्ती वाटून देणारा ट्रान्स्फर केस. तिन्हींची हौसिंग, म्हणजे बाहेरची बंद धातूची आवरणे, स्वतंत्र असतात, त्यांचे ऑईल एकमेकांत जात नाही, आणि ठरावीक अंतर चालल्यावर ते काढून नवे भरावे लागते. भारतात विकल्या जाणाऱ्या टोयोटा हायलक्स आणि इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉसच्या फोर-व्हील-ड्राइव्ह आवृत्त्या ही याची परिचित उदाहरणे होत. इंजिन ऑईल प्रत्येक सर्व्हिसला आठवणीने बदलले जाते. या तीन ठिकाणच्या ऑईलसाठी मात्र सहसा डॅशबोर्डवर दिवा नसतो, मोजायला पट्टी नसते आणि गाडीखाली गेल्याशिवाय प्लगही दिसत नाहीत, त्यामुळे ते वर्षानुवर्षे तसेच राहते. क्राऊन-पिनियन ही डिफरन्शियलमधली मुख्य दंतचक्रे बदलण्याच्या खर्चापुढे दोन-तीन लिटर ऑईलची किंमत नगण्य असल्याने ही हेळसांड अगदीच अनाठायी आहे.

मागच्या ॲक्सलच्या मध्यावरील गोल, फुगीर हौसिंगमध्ये क्राऊन आणि पिनियन ही दंतचक्रांची जोडी असते. प्रॉपेलर शाफ्टने आणलेली गती येथे काटकोनात वळते, तिचा वेग कमी होऊन जोर वाढतो; वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा अधिक फिरू देण्याचे काम आतली लहान दंतचक्रे करतात. बहुतेक पिकअपच्या मागच्या ॲक्सलमध्ये पिनियनचा अक्ष क्राऊनच्या अक्षाखाली सरकवलेला असतो. पॅकार्ड कंपनीने १९२६ मध्ये मोटारींत आणलेल्या या हायपॉइड रचनेमुळे दाते मजबूत होतात आणि आवाज कमी होतो, परंतु दाते एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, तर भाराखाली घासत सरकतात. त्या घसटीत साध्या ऑईलचा थर तुटतो. म्हणून डिफरन्शियलच्या ऑईलमध्ये गंधक व स्फुरद यांची संयुगे मिसळलेली असतात; ती तापलेल्या जागी पोलादाशी अभिक्रिया करून दात्यांवर एक पातळ थर तयार करतात आणि पोलादाऐवजी तो थर झिजतो. गिअर ऑईलचा उग्र वासही या गंधकाचाच असतो.

डिफरन्शियलमध्ये ऑईल फिरवणारा पंप बहुधा नसतो. क्राऊन खालच्या ऑईलमध्ये बुडत फिरतो आणि ते वर उडवतो. तेच ऑईल पिनियनच्या बेअरिंगपर्यंत पोहोचते. पातळी उतरली की पिनियनच्या पुढच्या बेअरिंगची सर्वांत आधी उपासमार होते आणि ठरावीक वेगाला घरघर ऐकू येऊ लागते. उलट, गरजेपेक्षा जास्त भरलेल्या ऑईलला फेस येतो, ते तापते आणि ब्रीदरमधून (हौसिंगमधली हवा आत-बाहेर होऊ देणाऱ्या छिद्रातून) किंवा सीलमधून बाहेर पडते.

ट्रान्स्फर केस गिअरबॉक्सच्या मागे बसवलेला असतो. वर उल्लेखलेल्या पिकअपमध्ये तो ‘पार्ट-टाइम’ प्रकारचा असतो, म्हणजे टू-एचमध्ये फक्त मागची चाके ओढतात, फोर-एचमध्ये पुढचा व मागचा शाफ्ट एकमेकांना जखडले जातात, आणि फोर-एलमध्ये वेग बराच उतरून जोर तितकाच वाढतो. मधला डिफरन्शियल नसल्यामुळे कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर-एच लावून वळणे घेतली, तर दोन्ही शाफ्टमध्ये ताण साचतो. तो दात्यांना, साखळीला आणि ऑईललाही सोसावा लागतो. काही ट्रान्स्फर केसमध्ये शक्ती दंतचक्रांनी पुढे जाते, काहींमध्ये साखळीने. त्यामुळे कुठे गिअर ऑईल, तर कुठे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे पातळ ऑईल सांगितलेले असते. येथे अंदाज चालत नाही. त्या मॉडेलच्या पुस्तिकेतील शब्द अंतिम मानावा.

गॅरेजमध्ये आणि दुकानात हे ऑईल सर्रास ‘नव्वद नंबर’ या नावाने मागितले जाते. परंतु नव्वद हा आकडा फक्त दाटपणा सांगतो, तोही गिअर ऑईलच्या स्वतंत्र मोजपट्टीवर. शंभर अंश सेल्सियसला ९० नंबरचे गिअर ऑईल साधारण ४० ते ५० नंबरच्या इंजिन ऑईलइतकेच दाट असते. ८०डब्ल्यू-९० मधला पहिला भाग थंडीतली वागणूक दाखवतो: ८०डब्ल्यूची मर्यादा उणे २६ अंशांवर, तर ७५डब्ल्यूची उणे ४० अंशांवर तपासली जाते. महाराष्ट्र-गोव्याच्या हवेत ८०डब्ल्यूची थंडीतली क्षमता पुरून उरते. लडाखच्या हिवाळ्यात जाणाऱ्या गाडीला ७५डब्ल्यूचा खरा उपयोग होतो. पुस्तिकेत ७५डब्ल्यू लिहिले असेल, तर मात्र तेच घालावे.

दाटपणाहून महत्त्वाचा भाग डब्यावर दुसरीकडे छापलेला असतो: जीएल-४ की जीएल-५, म्हणजे दात्यांवरचा दाब सोसण्याची ऑईलची प्रत. हायपॉइड डिफरन्शियलला जीएल-५ लागते, कारण त्यात दाब सोसणाऱ्या संयुगांचे प्रमाण जीएल-४ च्या जवळजवळ दुप्पट असते. हीच संयुगे काही मॅन्युअल गिअरबॉक्समधील, गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या पितळी सिंक्रो रिंगना मारक ठरू शकतात, म्हणून एकच डबा आणून सगळीकडे ओतण्याची पद्धत चुकीची आहे. लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल (एकच चाक जागेवर गरगरू न देणारा प्रकार) असल्यास त्यातील क्लचच्या चकत्यांसाठी वेगळे मिश्रण असलेले ऑईल लागते, नाहीतर वळताना गाडी अडखळते व खरखरते.

ऑईल बदलण्यापूर्वी गाडी थोडी चालवून आणावी, कारण कोमट ऑईल लवकर आणि जास्त निथळते. मग ती सपाट जागी उभी करावी. उचलायची असल्यास चारही बाजूंनी सारखी उचलून स्टँडवर ठेवावी. केवळ जॅकच्या भरवशावर कोणीही खाली जाऊ नये. एकच टोक उचलले तर पातळी चुकीची दिसते. या कामात एक नियम कधीही मोडू नये: भरण्याचा वरचा प्लग आधी उघडावा, निचऱ्याचा खालचा नंतर. वरचा प्लग गंजून अडकला असेल आणि खालून ऑईल आधीच काढून टाकले असेल, तर गाडी जागेवरून हलवता येत नाही. पाना लावण्यापूर्वी प्लगभोवतीचा चिखल तारेच्या ब्रशने झाडावा. आतून खाच असलेल्या प्लगमधली माती टोकदार वस्तूने कोरून काढावी, नाहीतर अॅलन की अर्धीच बसते आणि खाच गोल होते.

काढलेले ऑईल टाकून देण्याआधी नीट पाहावे. निचऱ्याच्या प्लगला अनेकदा चुंबक असतो. त्यावर करड्या रंगाचा मऊ लेप साचलेला आढळतो. तो बोटांत चोळला असता कण लागत नसतील, तर ती नेहमीची झीज समजावी. सुईसारखे तुकडे, चकचकीत टवके किंवा दात्याचा कोपरा हाती लागला, तर नवे ऑईल भरून भागणार नाही, हौसिंग उघडावेच लागेल. ऑईलला दूध घातलेल्या चहासारखा रंग आला असेल, तर आत पाणी शिरले आहे. कोकणातल्या ओढ्यातून गाडी नेल्यावर असे घडू शकते: चालून तापलेले हौसिंग थंड पाण्यात अचानक निवते, आतली हवा आकसते आणि ब्रीदर चिखलाने बुजला असेल तर सीलच्या कडेने पाणी ओढले जाते. अशा वेळी ब्रीदर साफ करणे किंवा त्याची नळी उंचावर नेणे हा मूळ उपाय आहे.

नवा वॉशर घालून खालचा प्लग पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कने आवळावा. त्यानंतर हातपंपाने किंवा उंचावरून सोडलेल्या नळीने ऑईल भरावे आणि ते वरच्या छिद्राच्या खालच्या कडेवरून बारीक धारेने परत येऊ लागले की थांबावे. काही मॉडेलमध्ये पातळी कडेच्या किंचित खाली ठेवायला सांगितलेली असते. मध्यम आकाराच्या पिकअपमध्ये मागच्या डिफरन्शियलला साधारण दोन ते साडेतीन लिटर, तर पुढच्या डिफरन्शियलला व ट्रान्स्फर केसला प्रत्येकी एक ते दोन लिटर ऑईल लागते. भरून झाल्यावर गाडी थोडी चालवून प्लगभोवती ओल दिसते का ते पाहावे.

साध्या वापरात ४०,००० किलोमीटरच्या आसपास ऑईल बदलणे सुरक्षित समजावे. कायम भार वाहणाऱ्या, ट्रेलर ओढणाऱ्या किंवा चिखलात चालणाऱ्या गाडीसाठी हे अंतर निम्म्यावर आणावे. ॲक्सल पाण्यात बुडाला असेल, तर किलोमीटर न मोजता ऑईल लगेच तपासावे. ‘आयुष्यभर बदलावे लागत नाही’ या दाव्यावर कामाची पिकअप सोपवू नये.

वापरलेले ऑईल २०१६ च्या घातक कचरा नियमांखाली येते. गावाकडे ते वाळवी लागू नये म्हणून लाकडी खांबांना फासले जाते किंवा बांधावर ओतले जाते, आणि तिथून ते मातीत व विहिरीच्या पाण्यात उतरते. ते बंद डब्यात साठवून अधिकृत पुनर्प्रक्रिया केंद्राला ऑईल देणाऱ्या सर्व्हिस सेंटरकडे सोपवावे. त्यात ब्रेक ऑईल, कूलंट किंवा पाणी मिसळू नये, कारण अशा मिश्रणाचे शुद्धीकरण अवघड होते.