बाळसे

बाळसे म्हणजे तान्ह्या मुलाच्या अंगावर पहिल्या काही महिन्यांत चढणारा भरीवपणा. मनगटाशी वळ्या पडतात, मांड्या भरतात, गाल वर येतात आणि घरातले म्हणतात, 'बाळानं बाळसं धरलं'. हा शब्द इतका रुळला आहे की एखादी नवी संस्था जरा स्थिरावली, तरी तिने बाळसे धरले असे लिहिले जाते. वैद्यकात मात्र बाळसे हे माप नाही. तिथे वजन, लांबी आणि डोक्याचा घेर मोजतात.

भारतात पूर्ण दिवसांचे बाळ बहुधा अडीच ते साडेतीन किलोचे असते. २,५०० ग्रॅमपेक्षा कमी असल्यास जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येनुसार ते 'कमी जन्मवजनाचे' ठरते. असे बाळ दिवस भरण्याआधी जन्मलेले असेल किंवा दिवस भरूनही पोटात कमी वाढलेले असेल. दोघांच्या अडचणी वेगळ्या असतात, म्हणून वजनाबरोबर गर्भाचे आठवडेही नोंदवावे लागतात. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे वय पुढे मोजताना जितके आठवडे कमी पडले तितके वजा करतात. हे ठाऊक नसले की अशा बाळाची शेजारच्या बाळाशी उगाच तुलना होते.

पहिल्या तीन-चार दिवसांत बहुतेक बाळांचे वजन घटते आणि नव्या आईबापांना याचीच सर्वांत जास्त धास्ती वाटते. अंगातले जादा पाणी उतरते, काळसर पहिली शी बाहेर पडते. तीन किलोचे बाळ २,८०० ग्रॅमवर आले तर घाबरण्यासारखे काही नाही. घट दहा टक्क्यांच्या आसपास गेली, तर मात्र बाळ छाती नीट पकडते का, दूध गिळते का हे डॉक्टरांकडून वेळ न घालवता तपासून घ्यावे. या दिवसांत येणारा चीक चमचाभरच दिसतो, पण बाळाचे पोटही तेवढेच असते. गेलेले वजन दहा ते चौदा दिवसांत भरून येते. म्हणजे बाराव्या दिवशी बारशाला पाळण्यात ठेवलेले मूल जेमतेम जन्मवजनाला परत पोचलेले असते. 'आईचं दूध पुरत नाही वाटतं' हा शेरा नेमका त्याच दिवशी ऐकू येतो आणि वरच्या दुधाची बाटली घरात शिरते. दूध पुरते की नाही हे लंगोट सांगतात: पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा किंवा अधिक वेळा लघवी होत असेल, तर पुरते आहे.

पुढचे तीन महिने रोज २० ते ३० ग्रॅम वाढ होते. जन्मवजन पाच महिन्यांच्या सुमारास दुप्पट आणि वर्षाला तिप्पट होते. लांबी ५० सेंटिमीटरवरून ७५ वर जाते. नंतर हा वेग मंदावतो. रांगायला लागल्यावर बाळसे ओसरते, त्याला सुकणे म्हणत नाहीत.

अंगणवाडीच्या कार्डावरचा वाढीचा आलेख जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रमाणांवर आधारलेला आहे. त्यासाठी दिल्ली, मस्कत, अक्रा, ऑस्लो, ब्राझीलमधील पेलोटास आणि कॅलिफोर्नियातील डेव्हिस येथील सुमारे साडेआठ हजार मुले मोजली गेली. अंगावर पाजलेले मूल हे त्यातले प्रमाण होते. मुलींचा आलेख गुलाबी, मुलांचा निळा. एका महिन्याच्या ठिपक्याला फारसा अर्थ नसतो. खालच्या पट्ट्यात असूनही पट्टा धरून चढणारे मूल सहसा ठीक असते, पण वरच्या पट्ट्यातून सतत घसरणारे मूल गुटगुटीत दिसले तरी दाखवावे लागते.

दिसण्यावर विसंबू नये याचा एक दाखला पुण्याजवळच्या खेड्यांतला आहे. १९९३ पासून तिथे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने गर्भवती आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. तिथली बाळे सरासरी २.७ किलोची होती, तर तुलनेसाठी घेतलेली इंग्लंडमधील साउदम्प्टनची साडेतीन किलोची. आपल्या बाळांचे स्नायू लहान होते, पण कातडीखालची चरबी त्या मानाने टिकून होती. अशा 'किरकोळ पण मेदयुक्त' शरीरठेवणीचा संबंध पुढच्या आयुष्यातील मधुमेहाशी जोडला जातो. तेव्हा बारीक बाळाला कसेही करून गुबगुबीत करण्याचा आग्रहही बरा नव्हे.

सहा महिने निव्वळ आईचे दूध द्यावे. पाणी नको, गुटी नको, आणि मध तर वर्षभर अजिबात नको. उष्टावण परंपरेने मुलाचे सम महिन्यात आणि मुलीचे विषम महिन्यात करतात. मुलीला पाचवा धरला तर ते लवकर होते, सातवा धरला तर थोडे उशिरा. १८० दिवस भरले की दोघांनाही घास सुरू करता येतो. इथे घरोघरी एकच चूक होते, ती म्हणजे वरणावरचे पाणी आणि भाताची पातळ पेज. त्याने इवलेसे पोट भरते, पण वजन वाढत नाही. चमचा तिरका केला तरी चटकन ओघळू नये इतका घट्ट मऊ वरणभात आणि वर थोडे तूप, हे खाणे अंगी लागते.