खोकड : ओळख व निरीक्षण

खोकड हा श्वान कुळातील लहान चणीचा, उघड्या माळरानात राहणारा प्राणी. शास्त्रीय नाव व्हल्पिस बेंगालेन्सिस. नावात बंगाल असला तरी हिमालयाच्या पायथ्यापासून भारताच्या दक्षिण टोकापर्यंतच्या कोरड्या, सपाट मुलखात तो आढळतो. भारतीय उपखंडाबाहेर मात्र कुठेही नाही. देशात त्याचे इतर भाऊबंद आहेत. लाल खोकड हिमालयात राहतो, तर शेपटीचे टोक पांढरे असलेला वाळवंटी खोकड कच्छ व राजस्थानात. महाराष्ट्राच्या रानात दिसतो तो भारतीय खोकडच, त्यामुळे इथल्या निरीक्षकाला खरा प्रश्न एकच पडतो : समोरून गेले ते खोकड होते की कोल्हा?

हा घोळ सर्रास होतो. इंदापूर-बारामतीच्या बाजूला रात्री दुचाकीच्या उजेडात रस्ता ओलांडून गेलेले ‘कोल्ह्याचे पिल्लू’ हे बरेचदा पूर्ण वाढीचे खोकड असते. उलट मुंबई-नवी मुंबईच्या खारफुटीत दिसणारा प्राणी कोल्हाच. इंग्रजी बातमीत त्याला काहीही म्हटलेले असो. कोल्ह्याचे वजन आठ-दहा किलोपर्यंत भरते, खोकडाचे दोन ते चार किलो, म्हणजे धष्टपुष्ट बोक्यापेक्षा फार जास्त नाही. पण लांबून आणि अंधारात आकाराचा अंदाज हमखास चुकतो. म्हणून आधी शेपटी पाहावी. खोकडाची शेपटी झुबकेदार, शरीराच्या निम्म्याहून अधिक लांब आणि टोकाला ठळक काळी असते. कोल्ह्याच्या शेपटीचे टोकही काळपट असते, मात्र ती तुलनेने आखूड, मागच्या पायाच्या ढोपरापर्यंत लोंबणारी. खोकडाचे अंग राखाडी-भुरे, पाय तांबूस व काटकुळे, तोंड निमुळते, कान चेहऱ्याच्या मानाने मोठे व टोकदार. कानांची मागची बाजू मानेच्याच रंगाची असते. लाल खोकडासारखी काळी नसते.

पळणे पाहायला मिळाले तर शंका उरत नाही. कोल्हा दुडक्या चालीने जातो, थांबून मागे बघतो. खोकड एकदम वेग घेतो आणि नागमोडी वळणे घेत सुटतो. सरळ धावताना शेपटी मागे आडवी तरंगते, झटक्यात दिशा बदलताना ती जवळजवळ उभी होते. पाठलाग करणाऱ्या कुत्र्याची या वळणांवर फजिती होते. आवाजातही फरक आहे. सामूहिक कोल्हेकुई खोकडाची नव्हे. त्याची हाक म्हणजे भराभर, तुटक ओरडण्याची एक लकेर असते आणि हिवाळ्यात, जोड्या जमण्याच्या काळात, ती जास्त ऐकू येते.

कुठे शोधावा, याचे उत्तर बऱ्याच जणांना अनपेक्षित वाटते : जंगलात नाही. सह्याद्रीच्या दाट, ओल्या झाडीत व कोकणपट्टीत त्याची अपेक्षा ठेवू नये. त्याला हवी कुसळी गवताची माळ, पडीक रान, तुरळक बोरी-बाभळी, मुरमाड उतार, ओढ्याकाठचे बांध. महाराष्ट्रात पर्जन्यछायेचा सारा पट्टा त्याचा : पुणे जिल्ह्याचा पूर्व भाग, माण-खटाव, सोलापूर, अहिल्यानगर, मराठवाडा. सुप्याजवळचे मयूरेश्वर अभयारण्य, कर्जत तालुक्यातील रेहेकुरी, सोलापूरजवळचे नान्नजचे माळढोक अभयारण्य आणि इंदापूर तालुक्यातील कडबनवाडीचे गवताळ रान ही माहितीतली ठिकाणे. खोकडासाठी अभयारण्यच हवे असेही नाही. गावाबाहेरचे गायरान शाबूत असेल तर तिथेही तो असू शकतो. नान्नज परिसरात वन्यजीव संशोधक अबी तमीम वनक व सहकाऱ्यांनी रेडिओ कॉलर (ठावठिकाणा कळवणारा गळपट्टा) लावून केलेल्या अभ्यासात खोकड गवताळ व पडीक जमीन पसंत करतात आणि लावलेली झाडी टाळतात असे दिसून आले. माळावर ग्लिरिसिडियाची (या परदेशी झाडाची) लागवड करून ‘हिरवाई वाढवली’ म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे, कारण खोकडाच्या लेखी ती जागा गेलेली असते.

प्राणी दिसण्याआधी बहुधा त्याच्या खुणा दिसतात. ओल्या मातीत उमटलेला ठसा तीन-चार सेंटीमीटरचा, मांजराच्या पंज्याएवढा. पण मांजर नखे आत ओढून चालते, खोकडाच्या ठशात बोटांपुढे नखांचे ठिपके स्पष्ट येतात. विष्ठा बारीक असते. ती वाळली की काडीने फोडून पाहावी (हात लावू नये). भुंगेऱ्यांचे चकचकीत कवच, नाकतोड्यांचे पाय, उंदराचे केस आणि हिवाळ्यात बोरांच्या बिया असा ऐवज निघतो. त्यावरून त्याचा आहारही कळतो. वाळवी, भुंगे, नाकतोडे, उंदीर, सरडे, खेकडे, जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी आणि मिळतील ती फळे असे सगळे त्याला चालते. उंदीर फस्त करणारा हा प्राणी शेतकऱ्याच्या उपयोगाचा आहे.

सर्वांत भरवशाची खूण म्हणजे बीळ. विश्रांतीपुरती तात्पुरती बिळे साधी, एक-दोन तोंडांची असतात. पिल्लांसाठीची बिळे वेगळी. तिथे जमिनीखाली भुयारांचे जाळे असते आणि वर अनेक तोंडे उघडतात. वापरातली त्यातली काहीच असतात. ओळखायची कशी? वापरातल्या तोंडाशी माती सैल व ताजी उकरलेली असते, पायवाट गुळगुळीत झालेली दिसते, आसपास हाडांचे तुकडे व पिसे पडलेली असतात. ज्या तोंडावर कोळ्याचे जाळे धरले आहे किंवा वाळका पालापाचोळा साचला आहे, ते सोडून द्यावे. चांगली जागा असेल तर तेच बीळ वर्षानुवर्षे वापरले जाते, त्यामुळे धनगर व गुराखी यांना अशी ठिकाणे पक्की ठाऊक असतात. नव्या माणसाने नकाशा उघडण्याआधी त्यांना विचारावे.

नर-मादी जोडीने राहतात. नोव्हेंबर ते जानेवारीत समागम होतो, गर्भकाळ सुमारे 50 ते 53 दिवसांचा. उन्हाळ्याच्या तोंडाला दोन ते चार पिल्ले होतात आणि दोघेही त्यांची देखभाल करतात. मार्च ते मे हा निरीक्षणाचा उत्तम काळ : गवत वाळलेले व खुरटे, पिल्ले बिळाबाहेर खेळणारी. वेळ सूर्योदयानंतरचा तासभर किंवा तिन्हीसांजेची. वाऱ्याची दिशा पाहून, बिळापासून शंभरएक मीटर दूर, झुडपाच्या आडोशाने बसावे आणि दुर्बिणीतून पाहावे. गाडी थांबवून तिच्यातूनच पाहिले तर आणखी चांगले, कारण उभ्या गाडीपेक्षा चालत्या माणसाला तो जास्त बिचकतो. रात्री झोत मारून पाठलाग करणे, बिळात मोबाइल घालणे, फोटोसाठी कोंबडीचे तुकडे टाकणे हे निरीक्षण नव्हे, छळ आहे. बिळाचा नेमका ठावठिकाणा समाजमाध्यमांवर टाकणे त्याहून वाईट, कारण पुढच्या रविवारी तिथे गाड्यांची रांग लागते.

सोबत कुत्रा नेणे तर सपशेल वर्ज्य. नान्नजच्या माळावर केलेल्या प्रयोगात कुत्रा जवळ असताना खोकड समोरचे खाद्यही कमी खातात असे आढळले. त्याच भागातील गावकुत्र्यांत डिस्टेंपर व पार्वो विषाणूंचा संसर्ग मोठ्या प्रमाणावर दिसला. डिस्टेंपर खोकडांनाही मारतो. गावातील कुत्र्यांचे लसीकरण म्हणूनच खोकडाच्याही फायद्याचे ठरते. बाकी संकटे नेहमीचीच : माळाची नांगरट, रस्त्यावरचे अपघात, शिकार, आणि गवताळ जमिनीला सरकारी दप्तरात ‘पडीक’ ठरवण्याची जुनी खोड. जागतिक पातळीवर खोकड धोक्यात आलेल्या जातींत मोडत नाही. भारतात त्याला वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 चे संरक्षण आहे. त्याची शिकार करणे किंवा पिल्लू पाळणे गुन्हा आहे.

एप्रिल-मे महिन्यांत बिळाशी एकटी दिसणारी पिल्ले बहुतेक वेळा अनाथ नसतात. आई-बाप भक्ष्य शोधायला गेलेले असतात. ती उचलून घरी आणू नयेत. पिल्लू जखमी असेल किंवा बीळ नांगरात मोडले असेल, तर वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवावे आणि माणसे येईपर्यंत कुत्री व पोरे यांना तिथून लांब ठेवावे.