पिकअपचं अ‍ॅव्हरेज पडलंय? आधी चाकांकडे बघा

लिटरला १४ किलोमीटर देणारी डिझेल पिकअप हळूहळू ११-१२ वर आली, की गॅरेजात पहिला विषय निघतो तो इंजेक्टर (इंजिनात डिझेल फवारणारा भाग) आणि डिझेल पंपाचा. गाडीतल्या महाग भागांपैकी ते. गोव्यातल्या गाडीची तपासणी मात्र उलट टोकापासून, म्हणजे चाकांपासून सुरू करावी, असं माझं ठाम मत आहे. कारण इथली हवा.

हिशेब करून बघू. एक लिटर डिझेल जळलं की सुमारे ३.६ कोटी ज्यूल ऊर्जा मिळते. रुडॉल्फ डिझेलच्या १८९७ च्या इंजिनाने त्यातला साधारण चौथा हिस्सा कामी लावला, तेव्हा जगाला नवल वाटलं होतं. आज रोजच्या धावण्यात एक-तृतीयांश पदरात पडते असं धरू, म्हणजे १.२ कोटी ज्यूल. बाकीची रेडिएटर आणि सायलेन्सरमधून उष्णता होऊन निघून जाते. चाकांपर्यंत पोहोचलेली ऊर्जा टायरचं घर्षण, वाऱ्याचा विरोध, चढ आणि ब्रेक यांत खर्च होते. तेव्हा अ‍ॅव्हरेज पडण्याचे प्रकार दोनच : डिझेल नीट जळत नाही, किंवा गाडी ओढायला जड झाली आहे.

यातला चढ हा दोष नव्हे, पण तो माणसाला चकवतो. मासळी भरून साखळीहून चोर्ला घाट चढणारी गाडी घ्या. मालासकट वजन ३ टन आणि चढ ७०० मीटर धरला, तर नुसती उंची गाठायलाच २ कोटी ज्यूल लागतात, म्हणजे जवळजवळ पावणेदोन लिटर डिझेल. बेळगावहून भाजी भरून खाली येणाऱ्याला हा खर्च पडत नाही. दोघांनी आपापल्या अ‍ॅव्हरेजची तुलना करण्यात अर्थ नाही. आपल्याच गाडीचं, त्याच रस्त्यावर, साधारण तेवढ्याच लोडने, टाकी फुल ते टाकी फुल मोजावं, आणि एका टाकीवरून निष्कर्ष काढू नये. मोठे टायर बसवले असतील तर आणखी एक गोष्ट लक्षात घ्या : घेर ५ टक्के वाढला की मीटर तेवढेच किलोमीटर कमी दाखवतो. डिझेल जास्त गेलेलं नसतं आणि अ‍ॅव्हरेज पडलेलं दिसतं.

आता चाकं. समुद्राच्या खाऱ्या हवेत आणि चार महिन्यांच्या पावसात गंज कुठे धरतो? पुढच्या डिस्क ब्रेकचा कॅलिपर, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणारा भाग, ज्या दोन पिनांवर सरकतो, तिथे. पिनेवरचं रबर फाटलं की ओल आत शिरते, पिन जाम होते आणि पाय काढल्यावरही ब्रेक पॅड डिस्कला घासत राहतो. अशा एका चाकाने फक्त १०० न्यूटनचा, म्हणजे दहा किलो वजनाएवढा अडथळा केला, तर १०० किलोमीटरमध्ये १ कोटी ज्यूल वाया जातात. पाऊण लिटरहून जास्त डिझेल! १४ चं अ‍ॅव्हरेज तेवढ्यानेच साडेबारावर येतं. ५० च्या वेगात ही सुमारे १४०० वॅट उष्णता होते, म्हणजे त्या चाकात एक इस्त्री सतत चालू असल्यासारखं. म्हणूनच हा दोष सापडतोही.

सपाट रस्त्यावर दहा-पंधरा किलोमीटर जाऊन या. शेवटी ब्रेक कमीत कमी वापरून गाडी थांबवा आणि प्रत्येक चाकाच्या रिमजवळ तळहात न्या. हात लावू नका, भाजेल. डाव्या-उजव्यात एक चाक ठळक तापलेलं असेल तर ते जॅकवर उचलून हाताने फिरवा. अशा चाकाचे पॅड काढले की आतला झिजलेला आणि बाहेरचा जवळपास नवा, असं बरेचदा दिसतं. पिना साफ करून ब्रेकसाठीचंच ग्रीस लावावं लागतं. साध्या ग्रीसने रबर फुगतं. मागच्या चाकांत हँडब्रेकची केबल बघा. आवरणाच्या आत गंजली की लिव्हर सोडूनही ती पूर्ण मागे येत नाही. टायरची हवा गाडी थंड असताना, दरवाजाजवळच्या स्टिकरप्रमाणे भरावी. मागे लोड म्हणून मागची भरली जाते आणि पुढच्यांकडे दुर्लक्ष होतं.

चाकं निर्दोष असतील, तर मग इंजिन. चढावर काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी. डिचोली-सांगे पट्ट्यात धावणाऱ्या गाडीचा एअर फिल्टर तांबड्या धुळीने लवकर भरतो. तो आधी झटकून न घेता उजेडात धरून बघा. त्यानंतर टर्बोकडून (इंजिनासाठी हवा दाबणारा पंखा) इंटरकूलरला (ती हवा थंड करणारी जाळी) जाणारे पाइप. क्लॅम्प सैल झाला किंवा रबराला चीर गेली, तर त्या जागी तेलकट काळा ओघळ दिसतो आणि लोड घेऊन चढताना ‘सुस्स’ आवाज येतो. दाबाखालची हवा तिथून निसटत असते.

गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट (इंजिनाच्या पाण्याचं तापमान राखणारी झडप) काढून टाकायची पद्धत आपल्याकडे रुळली आहे. ती मला अजिबात मान्य नाही. इंजिनाचं पाणी ८०-९० अंशांवर राहावं अशीच त्याची रचना असते. थर्मोस्टॅट नसला तर ते थंड राहतं, तेल दाट राहतं, आणि अजून गरम व्हायचं आहे असं समजून कॉम्प्युटर डिझेल वाढवतो. गाडी तापत असेल तर रेडिएटर साफ करा, फॅन बघा.

१ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस ६ (धुराच्या कडक नियमांच्या) गाड्यांत आणखी एक वाट आहे. त्यांच्या सायलेन्सर लाइनमधल्या फिल्टरमध्ये काजळी साठते. ती जाळायला जादा डिझेल सोडून तिथलं तापमान ६०० अंशांच्या आसपास न्यावं लागतं, आणि त्याला सलग धाव हवी. म्हापसा बाजारातून कळंगुटच्या हॉटेलांना माल टाकणारी गाडी दर दहा मिनिटांनी बंद होते; जाळणं अर्धवट राहतं, पुन्हा सुरू होतं आणि डिझेल फुकट जातं. त्यातलं काही इंजिन ऑइलमध्येही उतरतं. डिपस्टिकवर तेलाची पातळी वाढलेली दिसली, तर तेल पातळ झालंय असं समजून ते लगेच बदला. अशा गाडीला अधूनमधून हायवेवर अर्धा तास एकसारख्या वेगात न्यायला हवी.

एवढं सगळं पाहून झालं आणि तरी अ‍ॅव्हरेज मिळत नसेल, तर इंजेक्टरकडे वळा. तिथेही चारही एकदम बदलू देऊ नका. प्रत्येक इंजेक्टरच्या परतीच्या (जादा डिझेल टाकीकडे नेणाऱ्या) नळीला वेगळी बाटली लावून इंजिन काही मिनिटं चालू ठेवायला सांगा. ज्याची बाटली इतरांपेक्षा बरीच जास्त भरेल, तो आतून झिजला आहे.